शाबासकी आणि मेंदू : पारितोषिक-केंद्राची रचना व कार्य



ज्याने काही दिवस मनःपूर्वक अध्यापन केले आहे, त्याला एका गोष्टीचा अनुभव हमखास आलेला असतो. फळ्यावर उदाहरण सोडवून जागेवर परतणाऱ्या मुलाला आपण "शाबास!" म्हणतो आणि त्याच्या मुद्रेवर तेज चढते. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी आपण होऊन हात वर करतो. उलटपक्षी, ज्याची वही आठवडाभर तपासली गेली नाही, तो मुलगा हळूहळू लिहिण्याचाच कंटाळा करू लागतो. हे आपण सारे जाणतो. परंतु असे का घडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. 'मुलांचा स्वभावच तसा' असे म्हणून आपण पुढच्या पाठाकडे वळतो.

वस्तुतः या घटनेला शारीरिक अधिष्ठान आहे. मेंदूच्या अंतर्भागात चेतापेशींचे काही लहान पुंजके व त्यांना जोडणारे तंतू आहेत. त्यांच्या समूहाला सामान्यतः 'पारितोषिक-केंद्र' असे म्हणतात. कोणती गोष्ट पुन्हा करावी, कोणती सोडून द्यावी आणि कशासाठी कष्ट घ्यावेत, हे शिकण्यात या केंद्राचा मोठा वाटा असतो. शिकणे हाच ज्याच्या व्यवसायाचा विषय आहे, त्या शिक्षकाला या केंद्राची तोंडओळख असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पाठात प्रथम या शोधाची हकीगत, नंतर केंद्राची रचना, त्यानंतर त्याचे कार्य आणि शेवटी वर्गातील उपयोजन, असा क्रम ठेवला आहे.

१. शोधाची हकीगत

सन १९५३ मध्ये कॅनडातील माँट्रिआल शहरी मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर हे दोन संशोधक उंदरांवर प्रयोग करीत होते. उंदराच्या मेंदूत केसासारखी बारीक तार बसवावयाची, तिच्यातून अत्यंत सौम्य विद्युत्प्रवाह क्षणमात्र सोडावयाचा आणि उंदराच्या वर्तनात काय फरक पडतो ते पाहावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. जागृती राखणाऱ्या भागात तार बसविण्याचा त्यांचा हेतू होता. परंतु एका उंदराच्या बाबतीत तारेचे टोक ठरलेल्या ठिकाणी न जाता भलत्याच भागात जाऊन बसले.

हा उंदीर टेबलाच्या एका विशिष्ट कोपऱ्यात गेला की प्रवाह सोडण्यात येई. प्रवाहामुळे तो त्या जागेपासून दूर पळेल असे वाटणे स्वाभाविक होते. घडले ते उलटेच! उंदीर त्याच कोपऱ्याकडे पुनःपुन्हा येऊ लागला. दुसऱ्या कोपऱ्यात प्रवाह सोडला असता तो तिकडे जाऊ लागला. पुढे संशोधकांनी अशी योजना केली की, उंदराने पिंजऱ्यातील एक दांडी दाबली की त्याच्याच मेंदूत प्रवाह जावा. उंदीर दांडी दाबतच राहिला. ओल्ड्स यांच्या पुढील प्रयोगांत काही उंदरांनी तासाला दोन हजारांहून अधिक वेळा, असे चोवीस तास दांडी दाबली व थकून झोप आली तेव्हाच ते थांबले. काही प्रयोगांत तर उपाशी उंदरांनी समोरचे अन्न सोडून दांडीच पसंत केली.

ओल्ड्स व मिल्नर यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. पोटात अन्न नाही, अंगाला ऊब नाही, तरीही प्राण्याला एखादी कृती पुनःपुन्हा करावयास लावणारी जागा मेंदूत आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. चुकलेल्या तारेचे टोक काढून न टाकता 'हे असे का झाले?' असा प्रश्न त्यांनी विचारला, म्हणूनच शोध लागला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या तासाला अवश्य सांगावी.

२. रचना

आपल्या दोन्ही हातांच्या मुठी आवळून त्या एकमेकींना लावल्या असता जो आकार होतो, साधारण तेवढा मोठ्या माणसाचा मेंदू असतो. त्याचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरते. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. बाहेरून दिसणारा वळ्यावळ्यांचा मोठा भाग म्हणजे प्रमस्तिष्क. मागे खालच्या बाजूस अनुमस्तिष्क असते आणि मधोमध खाली उतरून मणक्यातील मज्जारज्जूला मिळणारा दांडा म्हणजे मस्तिष्कस्तंभ. पारितोषिक-केंद्राचे भाग या दांड्याच्या वरच्या टोकापासून कपाळामागील भागापर्यंत पसरलेले आहेत. यास्तव ते 'केंद्र' म्हणण्यापेक्षा 'मार्ग' म्हणणे अधिक यथार्थ होईल. आपण त्याची चार ठिकाणे क्रमाने पाहू.

(अ) उगमस्थान. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या टोकाला मध्यमस्तिष्क असते. त्याची लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर आहे. त्याच्या पुढील बाजूस, मध्यरेषेलगत, 'व्हेंट्रल टेगमेंटल एरिया' नावाचा चेतापेशींचा पुंजका आहे. त्याच्या शेजारीच काळसर रंगाचा आणखी एक पुंजका असून त्याला त्याच्या रंगावरून 'सबस्टॅन्शिया नायग्रा', म्हणजे 'काळा पदार्थ', असे लॅटिन नाव पडले आहे. या दोन ठिकाणच्या बहुसंख्य पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. मध्यमस्तिष्कातील अशा पेशींची एकूण संख्या चार ते सहा लाखांच्या घरात आहे. ८,६०० कोटींच्या मानाने हा आकडा नगण्य वाटतो. परंतु एकेका पेशीच्या तंतूला इतक्या शाखा-उपशाखा फुटलेल्या असतात की, त्यांचा संदेश मेंदूच्या विस्तृत भागात पोहोचतो. गावच्या एका विहिरीचे पाणी पाटापाटाने सर्व शेतांत जावे, तशी ही व्यवस्था आहे.

(आ) मुख्य ठाणे. या तंतूंपैकी पुष्कळसे 'न्यूक्लिअस अक्कंबेन्स' या पुंजक्यात जातात. या लॅटिन नावाचा अर्थ 'टेकून असलेले केंद्र' असा आहे. दोन मस्तिष्कार्धांमधील एका पडद्याला ते टेकल्यासारखे दिसते, म्हणून हे नाव. उजव्या व डाव्या अशा दोन्ही मस्तिष्कार्धांत ते एकेक आहे. त्याचा आतला गाभा व त्याभोवतीचे कवच असे दोन भाग कल्पिलेले आहेत. हालचाली व सवयी यांच्याशी संबंध असलेल्या 'स्ट्रायटम' या मोठ्या भागाचे ते खालचे, पुढचे टोक होय. म्हणूनच 'हवे' या जाणिवेपासून 'करू' या कृतीपर्यंतचे अंतर येथे फार थोडे असते.

(इ) सल्लागार शेजारी. मुख्य ठाण्याला दोन शेजाऱ्यांकडून सतत वार्ता येत असते. 'अमिग्डाला' हा बदामाच्या आकाराचा भाग एखाद्या गोष्टीचे भावनिक महत्त्व कळवितो. 'हिप्पोकॅम्पस' हा समुद्रघोडा नावाच्या माशासारखा वळलेला भाग स्थळ, प्रसंग व आठवणी यांची माहिती पुरवितो. 'या गुरुजींच्या तासाला मला आनंद झाला होता' किंवा 'या फळ्यासमोर माझे हसे झाले होते' अशा आठवणींचा संबंध या शेजाऱ्यांशी आहे.

(ई) विवेकाचे स्थान. कपाळाच्या लगेच मागे असलेला ललाटखंडाचा अग्रभाग हा या मार्गाचा वरचा टप्पा होय. योजना करणे, थांबणे, आज सोडून उद्याचा लाभ घेणे, ही कामे त्याच्या साहाय्याने होतात. त्यालाही डोपामिनचा पुरवठा होतो व तोही खालच्या केंद्रांना आवर घालतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मेंदूचा हा भाग सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत, परिपक्व होत राहतो. इयत्ता दुसरीतील मुलाला 'वार्षिक परीक्षेत कळेल!' असे बजावण्याचा उपयोग का होत नाही, त्याचे एक कारण येथे सापडते. ज्या भागाने वार्षिक परीक्षेचा विचार करावयाचा, तो अद्याप घडत असतो.

आता संदेश जातो कसा, हे पाहू. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात; त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीत विद्युत्-स्पंद आला की तिच्या तंतूच्या टोकातून रसायन त्या फटीत सुटते, पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांना ते चिकटते आणि संदेश पोहोचतो. काम झाल्यावर बरेचसे रसायन पहिली पेशी परत शोषून घेते. डोपामिन हे असे एक संदेशवाहक रसायन आहे. प्रथिनांतून मिळणाऱ्या टायरोसीन या द्रव्यापासून शरीर ते बनविते. डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७-५८ च्या सुमारास दाखवून दिले. त्यांना सन २००० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. काळ्या पुंजक्यातील पेशी नष्ट होऊ लागल्या म्हणजे हातपाय थरथरणे, हालचाली मंदावणे ही कंपवाताची लक्षणे दिसू लागतात. याच रसायनाचा हालचालींशी किती निकट संबंध आहे, हे यावरून कळेल.

३. कार्य : अपेक्षा आणि प्राप्ती

बक्षीस मिळाले की डोपामिन सुटते व आनंद होतो, एवढेच समीकरण पुष्कळ वर्षे रूढ होते. ते अपुरे आहे, असे पुढील संशोधनाने दाखविले. स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमस्तिष्कातील डोपामिन-पेशींचे स्पंद मोजले. तीन गोष्टी आढळल्या.

पहिली : माकडाला अकस्मात फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोराने स्पंदू लागत.

दुसरी : रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावण्यात आला. काही काळाने माकडाला दिवा व रस यांचा संबंध कळला. मग पेशी दिवा लागताक्षणीच स्पंदू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा मात्र त्यांत काहीच वाढ होईना.

तिसरी : दिवा लागला, परंतु रस दिला नाही. तेव्हा ज्या क्षणी रस मिळावयाचा, नेमक्या त्याच क्षणी पेशींचे स्पंदन नेहमीच्या पातळीच्याही खाली गेले.

याचा अर्थ असा की, या पेशी बक्षीस मोजीत नाहीत. अपेक्षा व प्राप्ती यांतील फरक मोजतात. शुल्ट्झ यांनी पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह १९९७ साली हा सिद्धांत मांडला. गणिताच्या भाषेत तो असा लिहिता येईल :

प्राप्ती − अपेक्षा = शिकविणारा फरक.

हे उदाहरणाने स्पष्ट करू. एका मुलाला दहापैकी तीन गुण मिळतील असे वाटत होते, मिळाले सहा. फरक अधिक तीन. ज्या पद्धतीने त्याने अभ्यास केला ती पद्धत पक्की होईल. दुसऱ्याला सहाची अपेक्षा होती, सहाच मिळाले. फरक शून्य, नवीन काही शिकणे झाले नाही. तिसऱ्याला सहाची अपेक्षा होती, मिळाले दोन. फरक उणे चार. जे केले ते सोडून द्यावे, असा संदेश गेला. आता हा तिसरा मुलगा 'अभ्यास कसा करावा ते बदलू' असे शिकेल, की 'अभ्यासच सोडू' असे शिकेल, हे पुष्कळ अंशी त्या क्षणी शेजारी असलेल्या शिक्षकाच्या शब्दावर अवलंबून असते.

दिव्याच्या जागी आपल्या शाळेतील खुणा घालून पाहाव्यात. शिजणाऱ्या खिचडीचा वास, मधल्या सुट्टीची घंटा, गोष्टीच्या पुस्तकांची पेटी उघडल्याचा आवाज, यांनीच मुले उल्हसित होतात. भोजन, खेळ किंवा गोष्ट अजून यावयाची असते. दुर्दैवाने छडीच्या किंवा उपहासाच्या पूर्वखुणाही मुले अशीच शिकतात. ज्या शिक्षकाच्या नुसत्या पावलाने वर्ग आनंदतो, त्याने अनेक दिवस आनंदाची पूर्वखूण म्हणून स्वतःला सिद्ध केलेले असते.

४. हवेसे वाटणे आणि आवडणे

येथे आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी ज्यांच्या मेंदूत डोपामिन जवळजवळ उरलेले नाही अशा उंदरांचे निरीक्षण केले. ते उंदीर अन्नाकडे जात नसत. समोर अन्न असूनही उपाशी राहत. परंतु साखरेचे पाणी थेट तोंडात घातले असता ते जीभ चाटीत, म्हणजे गोडी त्यांना कळे व आवडे. तान्हे मूलही गोड चाखले की ओठ चाटते व कडू लागले की तोंड वेडेवाकडे करते, ते याच प्रकारचे लक्षण होय.

तात्पर्य, 'हवेसे वाटणे' आणि 'आवडणे' या दोन भिन्न क्रिया आहेत. डोपामिनचा संबंध प्रामुख्याने पहिलीशी आहे. प्रत्यक्ष गोडीचा अनुभव अक्कंबेन्सच्या कवचातील व त्याच्या शेजारच्या काही अतिशय लहान जागांत, मेंदूच्या स्वतःच्या अफूसदृश रसायनांच्या योगे होतो. सामान्यतः या दोन्ही क्रिया हातात हात घालून चालतात. त्यांची फारकत झाली म्हणजे मात्र अनर्थ ओढवतो.

५. केंद्राची दिशाभूल

व्यसन हे या फारकतीचे ठळक उदाहरण होय. तंबाखूतील निकोटिन रक्तातून मेंदूत पोहोचते आणि उगमस्थानाच्या पेशींवरील ग्राहकांना चिकटून त्यांना कृत्रिम रीतीने उत्तेजित करते. कोकेनसारखी द्रव्ये डोपामिन परत शोषले जाण्याच्या क्रियेतच अडथळा आणतात. मद्याचाही परिणाम अखेर याच मार्गावर होतो. काम केले नाही, काही शिकले नाही, तरीही 'अपेक्षेहून अधिक मिळाले' असा खोटा संदेश मेंदूत फिरतो. हा संदेश वारंवार गेला की व्यसनाची वस्तू अधिकाधिक हवीशी वाटू लागते. तिच्यापासून मिळणारे सुख मात्र वाढत नाही, उलट कमी होते. 'आता मजा येत नाही, पण सुटतही नाही' असे व्यसनी माणूस म्हणतो, तेव्हा तो शरीरशास्त्रदृष्ट्या खरेच बोलत असतो.

विवेकाचे स्थान अपरिपक्व असलेल्या वयात ही दिशाभूल अधिक घातक ठरते. आपल्या खेड्यांतून गुटखा, मावा, मिश्री ही मुलांच्या हाताशी असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, आणि २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. हे नियम अमलात आणण्याकडे शाळा व्यवस्थापन समितीचे लक्ष वेधणे हे आपले कर्तव्य आहे. त्याहून मोठे कर्तव्य हे की, आपण स्वतः तोंडात तंबाखू धरून वर्गात पाऊल टाकू नये. मुलांच्या दृष्टीने गुरुजी ही आनंदाची पूर्वखूण असेल, तर गुरुजींच्या हातातील पुडीही त्यांना तशीच वाटू लागेल.

यंत्रांवरील खेळ, आकडा, जुगार यांत आणखी एक गोष्ट असते : बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसतो. अनियमित बक्षिसाने जडलेली सवय सर्वांत चिवट असते, हे बी. एफ. स्किनर यांनी पक्षी व उंदीर यांच्यावरील प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. मोबाइलचा पडदा सारखा सरकवीत बसणाऱ्या मुलाला दरवेळी काही गमतीचे दिसतेच असे नाही. कधीतरी दिसते, म्हणूनच तो सरकवीत राहतो.

६. वर्गातील उपयोजन

प्रस्तुत लेखक नवखा शिक्षक असताना एका द्विशिक्षकी शाळेवर होता. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी होती व चौथीची पाचसहा मुले मधल्या सुट्टीत आपण होऊन ती उघडीत. सर्वच मुलांनी वाचावे, या सद्हेतूने मी घोषणा केली की, जो एक पुस्तक वाचील त्याला एक पेन्सिल मिळेल. पहिल्या महिन्यात पेटीवर झुंबड उडाली. मुले बारीक पुस्तके निवडीत, पाने भराभर उलटीत व पेन्सिल मागावयास येत. दुसऱ्या महिन्यात माझ्याजवळचे पैसे संपले. पेन्सिली थांबल्या आणि वाचनही थांबले. मला खरा धक्का बसला तो निराळ्याच कारणाने. घोषणेपूर्वी रोज वाचीत बसणारी एक मुलगी पेटीकडे फिरकेनाशी झाली. मी तिला विचारले, "का गं बाळ, हल्ली वाचीत नाहीस?" ती निरागसपणे म्हणाली, "गुरुजी, पेन्सिली संपल्या ना?"

जी मुलगी गोष्टीसाठी वाचीत होती, तिला पेन्सिलीसाठी वाचावयास मी शिकविले होते. पुढे वाचनात आले की, या चुकीची शास्त्रीय परीक्षा पूर्वीच झालेली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. एका गटाला चित्र काढल्यास सोनेरी तारा व लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगितले. दुसऱ्या गटाला न सांगता तेच प्रशस्तिपत्र नंतर दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहता, पहिल्या गटाची मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत होती. १९७३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बक्षिसाची अट घातल्याने त्या मुलांच्या दृष्टीने खेळाचे काम झाले.

या सर्व विवेचनावरून आपल्या रोजच्या कामासाठी पुढील सूचना निघतात.

एक : ज्याची मुलाला मुळातच गोडी आहे, त्यावर वस्तुरूप बक्षिसाची अट घालू नये. जे काम आरंभी रुक्ष वाटते, उदाहरणार्थ पाढ्यांचा सराव, तेथे लहानसे प्रोत्साहन द्यावयास हरकत नाही. गोडी उत्पन्न होताच ते हळूहळू कमी करावे.

दोन : शाबासकी तत्काळ व नेमकी असावी. 'हुशार आहेस' यापेक्षा 'हातचा न विसरता मांडलास, म्हणून उत्तर बरोबर आले' हे वाक्य अधिक उपयोगी आहे. कोणती कृती पुन्हा करावी, हे त्यातून कळते. कामाविषयी माहिती देणाऱ्या अशा शब्दांनी अंगच्या आवडीला सहसा अपाय होत नाही. वह्या शक्यतो त्याच दिवशी तपासाव्यात.

तीन : मागे पडलेल्या मुलाची अपेक्षा शून्यावर आलेली असते. त्याला त्याच्या आवाक्यातील एक पायरी द्यावी व ती त्याने स्वतः चढावी. त्याला मिळालेले पहिले बरोबर उत्तर हे पहिल्या क्रमांकाच्या मुलाच्या शंभराव्या बरोबर उत्तरापेक्षा कितीतरी मोठे असते; कारण फरक तेथे मोठा आहे. न केलेल्या कामाची शाबासकी मात्र देऊ नये. मुले ती चटकन ओळखतात व पुढे खऱ्या शाबासकीचेही मोल उरत नाही.

चार : दिलेले वचन पाळावे. 'शनिवारी गोष्ट सांगेन' असे म्हणून न सांगणे हे काहीच न बोलण्यापेक्षा वाईट आहे. दिवा लावून रस न देण्यासारखे ते आहे.

पाच : उत्तर देण्याआधी प्रश्न रुजवावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मथायस ग्रूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखविले की, उत्तराविषयी कुतूहल जागे असताना मध्यमस्तिष्क व अक्कंबेन्स यांची क्रिया वाढते आणि त्या अवधीत समोर आलेली असंबद्ध माहितीही अधिक चांगली स्मरणात राहते. 'लोखंडी खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगते?' असा प्रश्न विचारून मुलांना क्षणभर अंदाज बांधू द्यावा व मग पाठ सुरू करावा. कुतूहलासाठी पैसे लागत नाहीत व ते संपतही नाही.

सहा : चुकीच्या उत्तराला हसू नये, हसू देऊ नये. मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केलेलीच आहे. शिवाय भीतीने मूल चूक लपविण्यास शिकते. चूक सुधारण्यास शिकत नाही.

७. मर्यादा

हे सर्व वाचताना एक सावधगिरी बाळगावी. उंदीर व माकडे यांच्यावरील प्रयोगांतून मूल संपूर्ण कळते, असे नाही. पारितोषिक-केंद्र स्वतंत्रपणे काम करीत नाही. भूक, झोप, घरची परिस्थिती, सोबती, भाषा या साऱ्यांचा परिणाम शिकण्यावर होतो. सकाळी उपाशी आलेल्या किंवा रात्रभर ऊसतोडीच्या फडात जागलेल्या मुलाच्या निरुत्साहाचे कारण प्रथम तेथेच शोधले पाहिजे. 'याच्या मेंदूत डोपामिन कमी आहे' असा शेरा मुलावर मारणे हे शास्त्र नव्हे. जुन्या 'मठ्ठ' या शेऱ्याचेच ते नवे नाव होईल. शरीरशास्त्र आपल्याला मुलाकडे अधिक आस्थेने पाहावयास शिकवील, तरच त्याचा उपयोग.

त्या मुलीविषयी दोन शब्द सांगून हा पाठ संपवितो. पेन्सिलीचा प्रकार मी बंद केला व रोज शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे एक गोष्ट वाचून दाखवू लागलो. ऐन रंगात आली की पुस्तक मिटून पेटीवर ठेवीत असे. पंधरा दिवस काही घडले नाही. सोळाव्या दिवशी मी शाळेचे दार उघडले, तेव्हा ती मुलगी माझ्या आधी येऊन पायरीवर थांबलेली होती. तिने पेन्सिल मागितली नाही. पेटीची किल्ली मागितली.

केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत सध्या कोणकोणती बक्षिसे दिली जातात? त्यांपैकी कोणती मुळातच गोडी असलेल्या कामावर दिली जातात?

२. 'प्राप्ती वजा अपेक्षा' या दृष्टीने आपल्या वर्गातील एका पुढे असलेल्या व एका मागे पडलेल्या मुलाचा गेला आठवडा तपासून पाहा. कोणाला काय शिकावयास मिळाले?

३. 'हवेसे वाटणे' व 'आवडणे' यांतील भेद इयत्ता सातवीच्या मुलांना तंबाखूच्या उदाहरणाने कसा समजावून द्याल? पाठाचे टिपण तयार करा.

४. परिसर अभ्यास किंवा विज्ञान यांतील कोणताही एक पाठ निवडून त्याचा आरंभ करण्यासाठी कुतूहल जागे करणारे दोन प्रश्न लिहा व ते वर्गात विचारून आलेला अनुभव पुढील सभेत सांगा.